पाचव्या किनाऱ्यावर कोणी उतरलं नाही

बाविस्कर साहेबांची आणि माझी पहिली भेट सुरतेच्या आमच्या बँकेत झाली, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. मी तिथल्याच गोडादऱ्याचा, लूम कामगाराचा मुलगा, नुकताच रुजू झालेला. साहेब संगणक विभागाचे प्रमुख. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "संध्याकाळी काय करता?" मी "काही नाही" म्हणालो आणि अडकलो.

साहेबांनी घरच्या संगणकाला टेलिफोन जोडून एक खेळ चालवला होता. आपल्या संगणकावरून त्यांच्या घरी फोन लावायचा, अर्धा तास खेळायचं, मग लाइन दुसऱ्याला मोकळी करून द्यायची. चित्रं नव्हती. नुसता मजकूर, तोही रोमन अक्षरांत, मराठी-हिंदी-गुजरातीची खिचडी. जुन्या सुरत बंदरातून गलबत काढायचं, माल विकायचा, वादळ चुकवायचं. तीसेक माणसं खेळत. साहेबांनी त्यांचा जुना संगणक मला देऊन टाकला. मी घरी फोन घेतला तो त्यासाठीच. संध्याकाळी साहेबांच्या घरी नातेवाइकांचा फोन लागत नाही म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वैतागत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

किनारे फिरून संपले तसे लोक नवे मागू लागले. वर्गणीची कल्पना माझी. जुना खेळ फुकटच राहील; पैसे भरणाऱ्यांना एकेक करून पाच नवे किनारे मिळतील. लगेच एका कापड व्यापाऱ्यांचा फोन आला, "साहेब, पैसा आप्या छे, हवे मारुं वहाण डूबवुं न जोइए." पैसे दिलेत, आता गलबत बुडता कामा नये, असा त्यांचा हिशेब. साहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, पैसा किनारे का लिया है, हवा का नहीं." शेठचं गलबत बुडालं. ते महिनाभर रुसले आणि परत आले. वशिला साहेबांच्या बँकेत चालला नाही, तसा समुद्रातही नाही.

तिसरा किनारा झाला आणि शहरात सायबर कॅफे निघाले. तिथे रंगीत, आवाजाचे खेळ. आमची माणसं गळत गेली. मी म्हणालो, "बंद करू या साहेब. उरलेली वर्गणी परत देऊन टाकू."

"पाच म्हटलं होतं ना आपण?" साहेब म्हणाले. "अर्ध्या वाटेवर थांबलेल्याला पैसे नको असतात हो, पुढचं हवं असतं."

त्यांचे डोळे तेव्हाच अधू होत चालले होते. डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायला मनाई केली होती. तरी वर्षभर, दर रविवारी, ते लिहीत राहिले. त्याच वर्षी माझे वडील दवाखान्यात होते. बँकेत जाण्याआधी साहेब रोज डबा घेऊन येत आणि खाटेशी बसून अहिराणीत विचारत, "आते कसं वाटस, भाऊ?" वडील गेले त्या सकाळीही डबा आला होता.

पाचवा किनारा पुरा झाला तेव्हा वर्गणीदारांपैकी मी एकटा उरलो होतो. माझी पलसाण्याच्या शाखेत बदली झाली होती आणि, खरं सांगायचं तर, मला कंटाळा आला होता. साहेबांनी विचारलं, "कसा वाटला शेवट?"

"उत्तम, साहेब."

ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

पुढे साहेबांच्या घरचा, खेळाचा तो संगणक मोडीत काढायचा होता, तेव्हा मी मदतीला गेलो. कोण कुठवर पोचलं याची नोंद त्यात आपोआप होई, आणि साहेब ती रोज सकाळी बघत. पाचव्या किनाऱ्याच्या नोंदीत एकही नाव नव्हतं, माझंही. म्हणजे मला विचारलं तेव्हाच त्यांना ठाऊक होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

आज साहेब पंचाहत्तरीत आहेत. खेळ उतरवून ठेवलेल्या फ्लॉप्या केव्हाच खराब झाल्या. आता तो किनारा फक्त त्यांच्या डोक्यात आहे. साहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असं त्यांच्या या गौरव अंकात सगळेच म्हणतील. मीही मनापासून म्हणतो, पण माझ्या म्हणण्यात स्वार्थ आहे. साहेबांना आता वाचता येत नाही, तेव्हा हा लेख वहिनीच त्यांना वाचून दाखवतील. वहिनी, एवढं वाचून झालं की साहेबांना विचारा, मी खोटं बोललो होतो, तरी शेवट ऐकायला येऊ का?