बकुलपुकुरातले फेटेवाले

खांबेटेकाका कधी चुकत नाहीत, असं खांबेटेकाकांचं ठाम मत होतं. गेल्या चैत्रापर्यंत तरी होतं.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे मराठी अधिकारी सामान बांधून पुण्या-नाशकाला निघून गेले. काका आणि शकुनकाकू मात्र इथेच, बंगालमध्ये, गार्डन रीचजवळच्या आमच्या वस्तीत फ्लॅट घेऊन राहिले. "तिकडे मला ओळखतं कोण?" असं ते म्हणत. इथे त्यांना सगळे ओळखत. गल्लीतला दिवा गेला, गटार तुंबलं, कुणाला अचानक दवाखान्यात न्यायचं झालं, की लोक 'दिगोम्बरबाबूं'ना हाक मारत आणि काका पायात चपला सरकवून निघत. माझ्या बाळंतपणात नवरा बंगळुरूला अडकला होता, तेव्हा हॉस्पिटलच्या दारात माझी पिशवी घेऊन हेच उभे होते. त्यामुळे मी पुढे जे काही वाकडं बोलणार आहे, ते या माणसावर जीव आहे म्हणूनच बोलणार आहे.

जीभ मात्र तिखट. बंगाली माणसाला शिस्त नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. गावाकडून पाहुणे आले की त्यांना हमखास बागबाजारला नेत आणि "आपल्या भीतीनं यांनी इथून खंदक खणला होता," हे अशा थाटात सांगत की घोड्यावर जणू स्वतःच बसले होते. शेजारी हसून त्यांना 'बर्गी' म्हणत. त्या काळी इथे लुटीला आलेल्या मराठी स्वारांचं ते नाव, आणि ते काही कौतुकाचं नाही. काकांना तोही मानच वाटे.

आमच्या मंडळाचा गणपती म्हणजे त्यांचा जीव की प्राण. या शहरात मूर्तिकारांना काय तोटा! गवताचा आकार बांधून, वर नदीची माती लिंपून ते हवा तसा गणपती करून देतात. पण काकांना तो चालत नसे. "डोळे बघ त्याचे, आभा. हा त्यांच्या देवीचा मुलगा. आपला बाप्पा नव्हे." मग दरवर्षी पेणहून रेल्वे पार्सलनं प्लास्टरचा गणपती यायचा, डोक्याला केशरी फेटा, अंगभर चमकी. विसर्जन नदीवर नाही, कारण तिथे ट्रक लागतो आणि गर्दीत धक्के खावे लागतात. ते व्हायचं बाजाराच्या मधोमध असलेल्या बकुलपुकुरात. पुकुर म्हणजे तळं. तिथवर म्हातारी माणसंही चालत येऊ शकत. काका छातीएवढ्या पाण्यात उतरून मूर्ती सोडत आणि वर येताना त्यांचे डोळे भरलेले असत.

इथली रीत निराळी. मूर्ती बुडवली की माती विरघळते आणि आतला बांबूचा सांगाडा लोक लगेच ओढून बाहेर काढतात. काकांना ते बघवत नसे. "देवाला निरोप देऊन पाठ फिरायच्या आत तंगडी धरून बाहेर ओढतात! आपलं तसं नाही. एकदा सोडला की सोडला." आम्ही सगळे माना डोलवायचो. सोडलेला गणपती पुढे कुठे जातो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग वॉर्ड ऑफिसनं बाजारचौकाचं नूतनीकरण काढलं. चौकात मोठा रंगीत फलक लागला. मधे निळंशार तळं, काठानं हिजलची झाडं, बाकं, सायकलवरून हसत जाणारी टापटीप माणसं. फलकावरचा खंड्या पक्षी तर असा भडक होता की तो या देशातला नसावा. तळ्यात पुन्हा मासे, बेडूक, पाणकोंबड्या नांदाव्यात असा बेत होता. काही वर्षांपासून उन्हाळा आला की पाण्यावर मेलेले मासे पोट वर करून तरंगत आणि बाजारभर वास सुटे. पहिल्या नकाशात तळ्याचा जुना घाट तसाच ठेवला होता, आणि घाटाला लागून असलेलं पुतुलचं हॉटेलही.

हॉटेल म्हणजे दोन बाकं आणि वर ताडपत्री. पुतुल एकटीच ते चालवायची. डाळ, भात, माशाचा झोल. भांडी राखेनं घासून घाटावर धुवायची. तिचं गिर्‍हाईक म्हणजे बाजारातले हमाल, रिक्षावाले, आणि दर गुरुवारी आमचे खांबेटेकाका, कारण शकुनकाकू गुरुवारी घरात मासा शिजवू देत नसत. पुतुल त्यांना 'जेठू' म्हणे, म्हणजे थोरले काका. माशाचं डोकं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी.

लोकांचं म्हणणं ऐकायला वॉर्डानं सभा बोलावली, तेव्हा काका फोटो मोठे करून घेऊन गेले. घाटावरचं खरकटं, राख, साबणाचा फेस. तळं मरतंय ते या घाटामुळे, असं त्यांनी आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत सांगितलं. "ये जो राख और जूठन पानी में जाता है ना, मछली इसी से मरती है. घाट बंद कीजिए." त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण फोटोतलं पोचा आलेलं पातेलं कुणाचं, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. पुतुल मागच्या रांगेत बसली होती. सभा संपायच्या आधीच ती पदर सावरून निघून गेली. मला वाटलं, चिडली.

नवल म्हणजे घाटावरच्या कुणीच पुढे काही केलं नाही. ना धोबी बोलले, ना फुलवाल्या. एरवी आमच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून मोर्चा निघतो. नवा नकाशा आला, त्यात घाट बंद, काठानं कुंपण, आणि घाटावरची सगळी माणसं मच्छीबाजारामागच्या बोळात. तिथे नळाला पाणी आलं तर आलं. हमाल एवढ्या लांब जेवायला जातात कशाला? पुतुलनं एक बाक विकून टाकलं, असं कानावर आलं. काकाही तिकडे फिरकले नाहीत. गुरुवारी ते मुकाट्यानं दहीभात खाऊ लागले.

आणि चैत्रात पंप लावून तळं उपसलं.

मंडळाच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी फोटो टाकला आणि लगेच काढूनही टाकला. मी ऑफिसला जायचं सोडून तळ्यावर गेले. चिखलातून गणपती निघत होते. आडवे, पालथे, एकावर एक. कुणाचा हात गेलेला, कुणाची सोंड. रंग उडून पांढरेफटक झालेले, पण फेटा मात्र बहुतेकांच्या डोक्यावर शाबूत. या वस्तीत फेट्याचा गणपती कोण आणतं, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

वॉर्डाच्या माणसांबरोबर जीवशास्त्र शिकलेली एक मुलगी आली होती. ती काठी खुपसून बघत म्हणाली, "तळाला सिमेंटसारखा थर बसलाय. शिवाय रंगांतलं विष. इथे गोगलगायसुद्धा जगायची नाही."

"आणि राख? खरकटं?" मी विचारलं.

"भात तर मासेच खातात," ती म्हणाली. "तेवढ्यानं एवढं मोठं तळं मरत नाही."

पुढचं तर त्याहून वाईट. देवाला चिखलात कसं ठेवायचं, म्हणून मजुरांनी एकेक मूर्ती नळीनं धुतली आणि काठावर ओळीनं मांडली, बाजाराकडे तोंड करून. दुपारपर्यंत प्रत्येकीपुढे जास्वंदीचं फूल आलं. येणारी-जाणारी माणसं चपला काढून हात जोडत होती. एकानंही वाकडा शब्द काढला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मी उलटून भांडले तरी असते. त्या जास्वंदीपुढे मात्र कुठे बघावं ते कळेना.

वळले तर काका मागे उभे. हातात दुधाची पिशवी.

"तो कडेचा," ते म्हणाले, "शकुन आजारी होती त्या वर्षीचा. तिला बरं वाटू दे म्हणून त्याच्या पाया पडलो होतो." मग आपण उभे आहोत हे कुणी बघतंय की काय अशा भीतीनं इकडेतिकडे बघत घरी गेले. त्या माणसाला मी असं चोरासारखं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

मंडळाची बैठक खांबेट्यांच्याच दिवाणखान्यात झाली. आमचा चिटणीस उन्मेष म्हणाला, "आपण गप्प बसायचं. विचारलंच तर म्हणायचं, दुसर्‍या कुठल्या मंडळाचे असतील."

"फेटा बांधून?" शकुनकाकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

कुणी हसलं नाही. काका अध्यक्ष, पण ते खिडकीशी पाठ करून बसले होते. सगळे गेल्यावर काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "दुधाला लांबच्या रस्त्यानं जातात गं. जेवताना मान वर करत नाहीत. माझीसुद्धा लाज वाटते त्यांना." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले.

मग वॉर्डाची शेवटची सभा आली. काउन्सिलरबाईंनी काकांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं. बाई गोड बोलणार्‍या, आणि मनानंही वाईट नव्हेत. त्यांनी भाषणात सांगितलं, दिगोम्बरबाबूंनी या तळ्यासाठी पहिल्यापासून तळमळ दाखवली. मराठी समाजाची भक्ती किती जुनी, तेही आपण सगळ्यांनी नुकतंच पाहिलं. म्हणून बंद केलेल्या घाटाच्या जागी आपण त्यांच्या गणेशासाठी खास विसर्जनकुंड बांधतोय. पायर्‍या, दिवे, नावाचा फलक.

टाळ्या पडल्या. उन्मेषनंसुद्धा वाजवल्या, मेल्यानं! ज्यांनी तळं मारलं त्यांना पायर्‍या आणि दिवे, आणि जिनं काही केलं नाही तिला तो बोळ. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं.

काका उठले. या शहरात इतकी वर्षं काढून सभेत ते कधी बंगालीत बोलले नव्हते. भाषा मोडकी येते, लोक हसतील, म्हणून. त्या दिवशी मोडक्यातच बोलले. "ओगुलो आमादेर. आमराई कोरेछि." ते आमचे आहेत. आम्हीच केलं. मग शब्द सरले, तेव्हा हिंदीत म्हणाले, "मासे घाटामुळे मेले नाहीत. मी खोटं बोललो. माहीत नव्हतं, तरी छातीठोक बोललो, म्हणजे ते खोटंच. आम्हाला कुंड नको. घाट त्यांचा त्यांना द्या."

पुन्हा टाळ्या पडल्या. काय मोठं मन, असं कुणीतरी म्हणालं. काका हात हलवून नको, नको म्हणत होते आणि टाळ्या वाढत होत्या. काउन्सिलरबाई उठून त्यांच्याजवळ आल्या. "नकाशा मंजूर झालाय, दिगोम्बरबाबू, कामाचं कंत्राट देऊनही झालं. घाट आता पुढच्या टप्प्यात बघू. कुंड नको असेल तर तिथे फुलझाडं लावू."

बाहेर आल्यावर मला वाटलं, काका आता घरी जातील. ते मच्छीबाजाराकडे वळले. "चल," म्हणाले. "एकट्याला जमायचं नाही."

दुपार टळली होती. पुतुल बाहेर बसून नळाच्या बारीक धारेखाली कढई धरून होती. काकांना बघून लगबगीनं उठली, उरलेलं एक बाक पदरानं पुसलं. "बसा, जेठू."

काका बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. तळाचा थर, रंग, त्या मुलीचं बोलणं. अडले तिथे मी बंगालीत जोडून दिलं. पुतुल ओल्या हातांनी ऐकत होती. चिडेल, निदान कढई तरी आपटेल, याची मी वाट बघत होते. तसं झालं असतं तर काकांना सोपं गेलं असतं, आणि मलाही.

"म्हणजे मासे आमच्या राखेनं मेले नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरं सांगता?"

"खरं सांगतो."

पुतुल मटकन बाकावर बसली. "मला वाटलं, माझ्यामुळेच मेले. तुम्ही शिकलेले, तुम्ही उगाच कशाला बोलाल? धोबी, फुलवाल्या, सगळे भांडायला निघाले होते, जेठू. मीच सगळ्यांना अडवलं. म्हटलं, भांडू नका, पाप आपलं आहे. जिथे धाडतील तिथे गुमान जाऊ." ती थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. "ते सगळे माझ्या शब्दावर इथे आले."

काका रडू लागले. हा माणूस रडताना मी तेव्हाच पाहिला.

पुतुलनं त्यांना रडू दिलं. मग हात पुसले, कढई नळाखालून सरकवली आणि त्यांचं मनगट धरलं. रागानं नाही, पण घट्ट. बोळात शेजारीच धोबी इस्त्री करत होता. त्याच्यासमोर तिनं काकांना नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "आता हे यालाही सांगा."

काकांनी त्याला सांगितलं. तोवर पुतुल पुढच्या फुलवालीला हाक मारत होती.