अर्ध्या कोयत्याची गोष्ट

गोपीचंद एसटीत कंडक्टर आहे, परभणी–जिंतूर फेरीवर, आणि कथा लिहितो. कथा लिहिणारे पुष्कळ असतात, पण वाचायला देऊन "कुठं उतरलाव?" असं विचारणारा मी तरी एकच पाहिला. आवडली का, हे तो विचारतच नाही. वाचता वाचता मन कुठल्या ओळीवर उतरलं, तेवढंच त्याला हवं असतं. त्याच वाटेवरच्या झरी गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्या कथेत सगळ्यात आधी चढतो तो मी.

यंदाची कथा ऊसतोडीची. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. कथेतली बाई नवरा गेल्यावर काम मागायला जाते. मुकादम म्हणतो, "अर्धा कोयता आमी घेत न्हाई." बाई मुकाट्याने घरी परतते आणि कथा संपते. एका दिवाळी अंकाला ती पसंत पडली, फक्त शेवट पुन्हा बघा असं संपादकांनी कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी छापून येणार होतं, त्यामुळे गडी हवेतही होता आणि घाबरलेलाही.

निवृत्त हेडमास्तर दिनकरराव म्हणाले, "बाईनं त्याला खडसावलं पाहिजे. समाजाला काय संदेश देताव तुमी?" त्यांची नात निकिता कृषी विद्यापीठात शिकते. ती म्हणाली, "काका, भांडण घातलं की सिनेमा होतो. उलट घरी चूल पेटली नाही, तेही लिहा." आजोबा-नातीची माझ्या दुकानातच जुंपली. दोघांचं ऐकलं असतं, तर त्या बिचारीला भांडून वर उपाशी झोपावं लागलं असतं. मी वैतागून म्हणालो, कुणाचं ऐकू नको, पाठवून दे.

गोपीचंदने मात्र दोघांना विचारलं, "कुठं उतरलाव?" दोघांनी बोट ठेवलं ते एकाच ओळीवर, बाई घरी परतते तिथं. मला गंमत वाटली. औषधं दोन, पण दुखणं एकाच जागी!

"तिथं काहीतरी राहिलंय रे," मी म्हणालो. तो कागद गोळा करायला लागला. मला राहवेना. त्याच्या आईने, कडूबाईने, कितीतरी हंगाम ऊस तोडला होता.

"मावशीला वाचून दाखवलीस?"

"न्हाई."

साऱ्या गावाला विचारणारा माणूस आईलाच कसा विचारत नाही? संध्याकाळी कागद घेऊन मीच त्याच्या घरी गेलो आणि त्याच्यासमोरच वाचायला लागलो. कडूबाई शेंगा निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "अन् पोरगं?"

"कोणतं पोरगं?" मी विचारलं.

"पोरगं जोडीला लावलं, तवा घेतलं की मुकादमानं." मग ती गोपीचंदकडे वळली. "तू सोताला काढून टाकलास व्हय? लाज वाटायलीय?"

"तसं न्हाई, माय. लोक म्हणतील, आईनं लेकराची शाळा सोडवली."

"सोडवलीच की म्या." तिचे हात थांबले. "मोळ्या बांधता बांधता झोपायचास तू. लय जीव तुटायचा. तेबी लिही. मला माफ कर, न्हाई तर नको करू. पर मला एकटीला घरी नको धाडू."