मामांनी ठरवलेली परीक्षा

आमच्या मामांइतका दुसऱ्याच्या अपमानानं पेटणारा माणूस भोर-वेल्ह्याच्या मुलखात दुसरा झाला नाही. एकदा वेल्ह्याच्या कचेरीत कुणा अनोळखी म्हाताऱ्याला उन्हात ताटकळत ठेवलेलं दिसलं, तर मामा पायरीवर ठाण मांडून बसले. "ह्या बाबाला आत घेतल्याबिगर म्या हितनं हलत न्हाई." बाबा कंटाळून केव्हाच विंझरच्या एसटीत बसून घरी गेला होता, तरी मामा कचेरीला कुलूप लागेपर्यंत बसून. वर मलाच विचारतात, त्याच्या वतीनं कुणी बसायला नको का? आता काय बोलायचं अशा माणसाशी. पलटणीतून हवालदार होऊन आलेले, उत्रोलीत थोडी भातखाचरं, चिखलातसुद्धा पलटणीचे बूट, आणि बैलांशी बोलायचं ते इंग्रजीत. आई गेल्यावर मला वाढवलं, शिकवलं, डॉक्टर केलं ते ह्याच माणसानं, म्हणून मी त्यांच्यावर रागावले तरी इतर कुणी रागावलेलं मला चालत नाही.

माझ्या लग्नाच्या बाबतीत तर त्यांनी कहर केला. बघायला आलेल्या एका स्थळानं, मुलीला चष्मा आहे की काय, असं नाक मुरडून विचारलं. मामांनी नवऱ्या मुलाला उभं केलं आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. बारीक अक्षर त्याला दिसेना. सोयरीक जागच्या जागी मोडली आणि मी, खरं सांगते, सुटले.

पुढं मला बायकांच्या आजारांचं वरचं शिक्षण घ्यायला परदेशी जायचं होतं. डोंगरातल्या वाड्यांवरून अडलेली बाई डोलीत घालून आणेपर्यंत निम्मा जीव गेलेला असायचा, आणि उरलेला वाचवायला माझं शिक्षण तोकडं पडायचं. पण तिकडे डॉक्टर म्हणून नाव नोंदवायचं तर इंग्रजीची परीक्षा द्या, असा नवा कायदा निघालेला. विलायतेला जायचं म्हणून तिथली द्यायची की अमेरिकेला जायचं म्हणून तिथली, हे आपलं आपण ठरवायचं. अमेरिकेच्या परीक्षेत सगळा भर कागदावर खुणा करण्यावर, विलायतेच्या परीक्षेत बोलणं ऐकून समजलं पाहिजे आणि समोरासमोर बोललंही पाहिजे. नापास झाले तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर पुढचं सगळंच खुंटलं.

मामांचा पारा जो चढला तो उतरेना. "इंग्रजीत शिकली, इंग्रजीत पास झाली, आता परत इंग्रजी येतंय का विचारत्यात व्हय? शिका म्हणलं, शिकलो. आता आनिक कितींदा लायकी दावायची आमी?" त्यांच्या ह्या बोलण्यावर आमच्या बौद्ध वस्तीत कुणी हसलं नाही. मग त्यांनी दोन्ही परीक्षांची चौकशी सुरू केली, ती अगदी स्थळाची करतात तशी. घराणं कसं, नकार कळवायची रीत कशी, दुसऱ्यांदा विचारतात का. विलायतेची परीक्षा तिकडं जाऊन द्यायची असते हे कळल्यावर तर ते कडाडलेच. "पोरगी बघायची तर पोरीच्या घरी येत्यात. म्हणावं, या भोरला."

एवढ्यात इंग्लंडात राहून परतलेले माझ्या ओळखीचे एक वडीलधारे डॉक्टर माझा सराव घ्यायला पुण्याहून आले. मामांनी त्यांना थेट वरपक्षच ठरवलं. पोहे दिले, माझी प्रश्नोत्तरं शांतपणे ऐकून घेतली आणि मग म्हणाले, "आता आमचे प्रश्न. डॉक्टर कमी पडलं कुणाला? त्यांना. मग गरजवंतानं परीक्षा घ्यायची का द्यायची? आमच्या पलटणीत गोऱ्या सायबाला उर्दूची परीक्षा हुती. दोनदा नापास झाला गडी. तरी त्याच्याच हुकमावर आमी बर्म्यात मरायला गेलो. तवा कुणी थांबवलं न्हाई."

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "मामा, मी गेलो तेव्हा ही परीक्षा नव्हती. पहिल्याच महिन्यात वॉर्डातली एक म्हातारी सकाळपासून मला काहीतरी सांगत होती. तिच्या गावची बोली. मला समजेना आणि परत विचारायची लाज वाटली. मी हसून मान हलवली. तिला वाटलं, डॉक्टरला कळलं. संध्याकाळी ती गेली. छातीत दाटतंय म्हणत होती, असं नंतर नर्सनं सांगितलं."

मामांनी विचारलं, "तिचं कुणी हुतं का जवळ?"

"नाही."

झालं. मामा पुन्हा पेटले, पण आता त्या म्हातारीच्या बाजूनं. "आन् तुमाला परीक्षा घेतल्याबिगर आत सोडलंच कसं त्यांनी?" मामा माझ्याकडे वळले. "बाय, ते कागदावर खुणा करायचं न्हाई. जिथं म्हातारीचं ऐकाया लागतं ती परीक्षा दे."

त्या दिवसापासून मामा माझे रोगी झाले. घोंगडी पांघरून ओटीवर पडायचं, पलटणीच्या इंग्रजीत कण्हायचं आणि मी एकदा जरी न समजता मान हलवली तरी उठून बसून मला फैलावर घ्यायचं. मी रडकुंडीला येई. पण विलायतेला जाऊन पास झाले आणि शिक्षणापायी तिकडेच राहिले.

काही वर्षांनी मामा आजारी असल्याचं कळलं आणि मी तशीच निघून आले. भोरच्या दवाखान्यात ते पार वाळून पडलेले. कसं वाटतंय, असं विचारलं तर म्हणाले, "लिटल पेन. नो प्रॉब्लेम."

"मामा, माझ्याशी इंग्रजी कशाला?"

"इतकी वरसं तिकडं हाईस. आता आपलं बोलणं तुला कळंल का न्हाई, म्हून."

असा संताप आला मला. त्यांचा, त्या परीक्षेचा, माझ्या तिकडे राहण्याचा. मी त्यांचा हात धरला. "कळतंय मामा. सगळं कळतंय. सांगा तुम्ही."

त्यांनी डोळे मिटले. "लई दुखतंय गं, बाय."

त्या दुखण्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. दुपारभर ते सांगत होते आणि मी ऐकत होते.