आठ सुखांच्या शोधात दोंडाईचा

ही १९९२च्या मे महिन्यातली सहल. मे महिन्यात खान्देशात कोणी फिरायला जात नाही, तुम्हीही जाऊ नका. मी गेले ते एका पोस्टकार्डापायी.

तेव्हा मी जळगावला एका सरकारी कचेरीत कारकून होते. मूळची सांगलीची. दोन बदल्या मागून घेतल्या होत्या. पहिल्या अर्जात कारण लिहिलं होतं ‘आई एकटी असते’, दुसऱ्यात ‘हवा मानवत नाही’. आता तिसरा अर्ज पिशवीत होता, कारण ‘उन्हाळा सोसत नाही’. सोमवार शेवटची तारीख. पसंतीच्या गावाचा रकाना मात्र कोरा होता, कारण कुठे गेलं की बरं वाटेल तेच मला कळत नव्हतं.

आमच्या कचेरीतल्या शिपाई सुमनअक्का निवृत्त होऊन दोंडाईचाला भावाकडे राहायला गेल्या होत्या. त्यांना मी दोन पानं रडगाणं लिहून पाठवलं आणि शेवटी विचारलं, ‘सुख नेमकं कुठे असतं हो?’ उत्तर आलं: ‘तुमना कागद भेटना. सुख आठे शे. पुढला महिनामा घर या.’

पत्र मिळालं, घरी या, एवढं कळलं. पण सुखं आठ! अक्का बौद्ध घरातल्या. म्हणजे हे नक्की अष्टांगमार्गातलं काहीतरी असणार, असा मी तर्क लढवला. कोणती आठ, हे विचारल्याशिवाय मला चैन पडेना.

शनिवारी सकाळी धुळ्याची एस.टी. पकडली. डाव्या बाजूला बसू नका, ऊन तिकडूनच येतं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा शेजारी मिरचीचं पोतं घेतलेले एक आबा येऊन बसले. मला राहवेना.

“आबा, आठ सुखं कोणती?”

त्यांनी बराच विचार केला. “माले दोनज माहीत शेतस. जेवन आनि झोप.” आणि दुसरं सुख त्यांनी लगेच माझ्या खांद्यावर घ्यायला सुरुवात केली.

धुळ्याला गाडी बदलायची होती. स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. इतकी तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी. तरी रस्सा पुन्हा मागितला. हे तिसरं धरावं का, असा विचार करत दोंडाईचाच्या गाडीत चढले. पुलावरून पांझरा दिसली, नुसती वाळू. दीड-दोन तास धूळ खात दुपारी पोचले.

अक्कांचं घर स्टेशनजवळ. पत्र्याच्या दोन खोल्या, नळाला दिवसाआड पाणी. आत खाटेवर त्यांचे भाऊ झोपले होते, अंगाने पार उतरलेले. अक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी पाणी प्यायले आणि थेट विचारलं, “अक्का, ती आठ सुखं सांगा ना.”

“कोन्ती आठ?”

मी पोस्टकार्ड पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि अशा हसल्या की मांडीवरचे दाणे सांडले.

“आठ नई वो बाई, आठे! आठे म्हंजे इथं!” मग माझ्यासाठी त्या कचेरीतल्या मराठीवर आल्या. “घरच्या बोलीत लिहिलं, तुम्ही सांगलीच्या हे विसरूनच गेले.”

मला लाजही वाटली आणि रागही आला. एवढं ऊन खात आले ते या दोन खोल्यांसाठी? “मग मीही दोंडाईचाला बदली मागू का?” मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं.

“पण ते कार्ड इथून नाही टाकलं. शिक्का बघा.”

पुसट शिक्का उजेडात धरला. धुळे.

“तिथल्या देवपुरातल्या दवाखान्यात होतो आम्ही. ह्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. ह्याच्या उशाशी बसून तुमचं पत्र परत वाचलं. सुख कुठे असतं, म्हणून तुम्ही विचारलं होतं. मी आपलं आत बघितलं. काळजी होती, खूप होती. पण तिच्या शेजारी तेही बसलेलं होतं. म्हणून तसं लिहिलं.”

मी त्यांच्याबरोबर शेंगा फोडत बसले.

रविवारी पॅसेंजरने परतले. तापीकाठची ही रेल्वे एस.टी.पेक्षा सावकाश जाते, पण खिडकी मोठी मिळते. अमळनेरला केळी घेतली. घर उघडलं तर खोली भट्टीसारखी तापलेली, पंखा तोच, कुरकुरणारा. कार्ड पुन्हा काढलं. सुख आठे शे. दोंडाईचाला वाचलं तेव्हा ‘आठे’ म्हणजे दोंडाईचा होतं. आता जळगावात वाचत होते. एकदम सुख झालं असं खोटं सांगणार नाही. पण पहिल्यांदाच मी ते या खोलीत शोधून पाहिलं, आणि खोली अगदीच रिकामी नव्हती.

मग पेन घेऊन अर्जातला कोरा रकाना भरला.

सोमवारी अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते अमळनेरकडचे. पसंतीचं गाव वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

“आठे?”

“हो, साहेब.”

“मंग अर्ज कसाले, बाई?” म्हणत त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.