काकांच्या हाती गाडी

गाडी शिकवणाऱ्या मॅडमचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता: आपल्या पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, पण दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत त्यांचा जीव टांगणीलाच असायचा. नवऱ्याशेजारी बसल्या तरी पायाने खालचा पत्रा दाबत राहायच्या. तो म्हणायचा, "अगं, भोक पाडशील!"

मॅडमच्या पित्ताशयात खडे निघाले, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. "एवढ्याशा छिद्रांचं काय कौतुक!" म्हणत डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून बाई आठवड्यात कामावर हजर. सकाळपासून पोट दुखत होतं, अंगात कणकण होती. घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

त्या दिवशी शिकायला होते पोस्टातून निवृत्त झालेले काका. समोर मांजर आलं तरी डोळे मिटणारा माणूस! गाडी पुलावर असतानाच मॅडमच्या पोटात अशी कळ आली, की ब्रेकवरचा पाय त्यांनी पोटाशी ओढून घेतला.

"काका, हॉस्पिटलला घ्या."

"मी? मॅडम, मला अजून चौकसुद्धा जमत नाही!"

"मला आज काहीच जमत नाहीये. चला."

काका घामाने निथळले, पण निघाले. चौक आला, ट्रक आला, उलटा घुसणारा सायकलवाला आला. "आरसा बघा, इंडिकेटर द्या, घाई नको," काका पुटपुटत होते, थेट मॅडमच्या सुरात. मॅडमना हसू फुटलं आणि पोटातली कळ दुप्पट झाली. "हसवू नका हो, मेले मी!" त्या कण्हल्या.

हॉस्पिटलात कळलं, ऑपरेशनच्या जागेतून पोटात पित्त पाझरत होतं. डॉक्टरांनी साठलेलं पित्त बाहेर काढलं, तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत बारीकशी नळी बसवली. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," ते म्हणाले. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाहून मॅडमना भीती वाटली, आणि लाजही.

घरी सोडायच्या दिवशी नवरा टॅक्सी बघायला निघाला.

"अहो, काकांना फोन लावा," मॅडम म्हणाल्या.

काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. शिकवणीच्या गाडीत नवरा पुढे बसला, मॅडम मागे.

पुलावर काकांनी विचारलं, "मॅडम, वेग बरोबर आहे ना?"

काकांनी घाबरून पुन्हा विचारलं.

नवऱ्याने मागे वळून पाहिलं. मग बराच वेळ तो पाहतच राहिला.

"असेच चालवत राहा," तो हळूच हसून म्हणाला. "झोपलीय ती."