बाईंचे दोन रकाने

आमच्या शाळेत पोरांची मारामारी झाली की मोठ्या बाई छडी उचलत नसत, पट्टी उचलत. कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारायच्या. डावीकडे 'बघितलं', उजवीकडे 'ऐकलं'. मग एकेका पोराला वेगळं बोलवायचं. "सांग. पण कुठल्या बाजूला लिवू ते आधी सांग." निम्मी भांडणं तिथंच मिटायची, कारण डावा रकाना रिकामाच राहायचा.

बाई आमच्या मुख्याध्यापिका. कोल्हापुरात पेठेत वाढलेल्या. त्या कुजबुजल्या तरी मैदानात ऐकू यायचं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं शिकवलं, पण मला त्या कळल्या त्या त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात.

त्या वर्षी शाळेची जुनी रजिस्टरं संगणकावर चढवायचं काम माझ्याकडं आलं. साठेक वर्षांपूर्वीच्या एका पानावर नऊ मुलांच्या नावापुढं एकाच तारखेला शेरा होता, 'गाव सोडले'. बाईंनी दाखल्यांचं बुक मागवून चाळलं.

"नऊ पोरं गाव सोडून गेली आणि एकानंबी दाखला नेला न्हाय? दुसऱ्या शाळेत घातली कशी मग?"

ती मुलं ओढ्यापलीकडच्या, दगड फोडणाऱ्यांच्या वस्तीतली होती. वस्ती जळाली हे गावाला ठाऊक होतं. चुलीतली ठिणगी उडाली, खोपटी पेटली, बरीच माणसं गेली, उरलेली पांगली. एवढंच सांगायची गावात रीत होती.

बाई माझ्या स्कूटरवर मागं बसून घरोघरी फिरू लागल्या. ठिणगीची गोष्ट सगळ्यांना पाठ, पण सगळी उजव्या रकान्यात. सरपंचांनी एकदा वाटेत गाठलं. "बाई, जुनं कशाला उकरताय? गावाची अब्रू जाईल की."

"माझ्या शाळेची नऊ पोरं हायत ती, सरपंच. हजेरी लागली न्हाय तर मी इचारणारच की!"

त्या नऊ मुलांतली एक मुलगी पेठ वडगाव या गावी सापडली. हौसाबाई, सत्तरीच्या. त्यांनी सांगितलं ते असं. जत्रेत चोरी झाली, तिचा आळ वस्तीवर आला, आणि भर दुपारी गावातली माणसं चालून आली. चार खोपटांची दारं बाहेरून दोरानं बांधली आणि पेटवून दिली. हौसाबाई मागच्या कुडातून निसटल्या. सासरी कुणी खरं मानलं नाही. लहान होतीस, धुरात भास झाला असंल, म्हणायचे. "आता माझं मलाच खरं वाटंना झालंया," त्या म्हणाल्या.

बाईंनी सगळं डावीकडे लिहिलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एकीचं बघणं लोक खोडून टाकत्यात. दुसरं पायजे."

ते दुसरं तात्यांकडं होतं. तात्या गावातले ऐंशीच्या घरातले शेतकरी. दोनदा गेलो, दोन्ही वेळा ठिणगीच. बाईंनी हौसाबाईंचं नावसुद्धा काढलं नाही. तिसऱ्या खेपेला, गोठ्यात, तात्यांनी उजव्या रकान्यातल्या ठिणगीवर बोट ठेवलं.

"बाई, हे खोडा. त्या बाजूला ल्ह्या. दोर आमच्या घरचा होता. माझ्या बानं दारं बांधली, मी बघितलंय."

बाईंनी ते डावीकडे लिहिलं. मग विचारलं. "किती दारं, तात्या?"

"चार."

ग्रामसभेत बाईंनी दोन्ही जबान्या वाचून दाखवल्या. हौसाबाई पुढंच बसल्या होत्या. काही जण उठून गेले. तात्या काठीवर भार टाकून उभे राहिले. "खरं हाय. माझ्या बानं केलं. मी बघितलं आणि जन्मभर गप बसलो."

हौसाबाई त्यांच्याकडं वळल्या. "म्हंजी मला याड लागलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला न लावता मोठ्यानं रडल्या. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. कुणी म्हणायला लावलंही नाही. वस्तीच्या जागी गेलेल्यांच्या नावांचा दगड उभा करायचा ठराव झाला. तो दगड आज तिथं आहे.

सभा संपल्यावर मी बाईंना स्कूटरवरून त्यांच्या घरी सोडायला निघाले. हा शोध चालला त्या चार महिन्यांत त्यांचा डबा बहुतेकदा भरलेलाच घरी जायचा. हायवेला लागल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब गं. लई भूक लागलीया."

रस्त्याकडेच्या एका खानावळीत आम्ही झुणका-भाकरी घेतली. बाईंनी मुठीनं कांदा फोडला, अर्धा माझ्या ताटात टाकला आणि आख्ख्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खा. आज घास उतरतोय."