मुकादमाची एकच शिवी

आमच्या टोळीचं काम अवजड मशीन हलवायचं. पाच माणसं, चार जॅक, पहारी आणि लाकडी ठोकळे. मी त्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली बावीस एकाच मुकादमाच्या हाताखाली. तो माझ्याच वयाचा, राहायला शेजारच्या खोलीत.

मुकादम शिवी देत नसे. आमच्या धंद्यात हे नवलच. बाकी आम्ही चौघं आईवरची ती एक शिवी उठता बसता हासडायचो. पहार अडली, शिवी. पहार सुटली, शिवी. डब्यात आवडीची भाजी निघाली तरी तीच. मुकादमाला आम्ही पाठीमागे ‘साबण’ म्हणायचो. त्याला ते ठाऊक होतं.

सगळ्यांत तोंडाळ त्याचा सख्खा धाकटा भाऊ. चाळिशीचा, अंगाने रेड्यासारखा.

“दादा, शिवी घातल्याशिवाय अंगात जोर येत नाही.”

“जोर तोंडावाटे घालवलास तर खांद्यात काय उरणार? बोलू नकोस, रेट.”

दोघांचं काम मी जवळून पाहिलंय. घाम धाकट्याला जास्त यायचा. मशीन मुकादमाच्या बाजूने जास्त सरकायचं.

त्या दिवशी पत्रे कापायचं सहा टनांचं मशीन सिमेंटच्या पायावर उतरवत होतो. चार कोपऱ्यांना चार जॅक. खालचा एक ठोकळा काढायचा, जॅकची किल्ली पाव फेरा सोडायची, कोपरा बोटभर खाली. पुन्हा तेच. ठोकळा पहारीनेच ढकलायचा, आत हात घालायचा नाही, हा पहिला नियम. एका कोपऱ्यावर जॅकला मी आणि ठोकळ्यांना धाकटा.

ठोकळा निघाला की धाकटा शिवी घालायचा. तीच आमची खूण झाली होती. ती ऐकायची आणि किल्ली सोडायची. बघायचे कष्ट मी कधीच सोडून दिले होते.

त्याने शिवी घातली. मी किल्ली सोडली. ठोकळा निघालाच नव्हता, तिरका अडकला होता. धाकट्याने वैतागून पहार टाकली आणि हात आत घातला.

“थांब!” मुकादम समोरून ओरडला. आमच्याकडे ‘थांब’ दिवसातून शंभरदा होतं. माझा हात थांबला नाही.

मग मुकादमाने ती शिवी दिली. धाकट्याला. पूर्ण, आईसकट.

माझी किल्ली जागच्या जागी आवळली गेली. कोणाच्या तरी हातून पहार निसटून फरशीवर आदळली. धाकट्याने हात ओढला. हातमोजा आतच राहिला, बोटं चपटी झालेला.

धाकट्याच्या हाताकडे कोणी बघत नव्हतं. सगळे मुकादमाच्या तोंडाकडे बघत होते.

धाकट्याने मूठ दोनदा उघडून मिटली. पाचही बोटं होती. मला वाटलं, आता हा भावाचे पाय धरणार.

“दादा, आईवरून?”

“हात दाखव.”

“आपल्या आईवरून दिलीस तू!”

“आणि तू दिवसभर देतोस ती कोणाच्या आईवरून?” मी म्हणालो.

“ती कोणाच्याच आईवरून नसते रे. ह्याने दिली ती आपल्याच आईला लागली.”

मुकादम ठोकळ्यावर बसला. कामाच्या वेळेत त्याला बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. “आईला तू सांगायचं नाहीस,” तो म्हणाला. “मी सांगणार.”

मशीन जॅकवर सोडून घरी जाता येत नाही. दोन तास लागले. सहा टन वजन एकही शिवी न देता खाली बसलं.

संध्याकाळी साक्षीला म्हणून दोघांनी मला घरी नेलं. आई ऐंशीची, शर्टाला बटण लावत बसली होती. मुकादमाने दारातच उभं राहून सगळं सांगितलं.

“कुठली शिवी?”

“ती.”

तिने सुई खाली ठेवली. धाकट्याला जवळ बोलावलं, एकेक बोट दाबून पाहिलं आणि त्याच हातावर फाडकन चापट मारली. “हात घातलासच कशाला, मुडद्या?”

मग थोरल्याकडे बघत राहिली.

“देताना अडखळलास?”

मुकादम खोटं बोलत नसे. “नाही.”

“म्हणजे तोंडात तयारच होती. मी जगाला सांगत हिंडले, माझ्या थोरल्याला शिवी येतच नाही म्हणून.”

“मावशी, चूक माझी. न बघता किल्ली मी सोडली.”

“तुझं नंतर बघते.”

पुढचा महिनाभर ती थोरल्याशी धाकट्यामार्फत बोलली. “त्याला सांग, जेवायला ये.” तो समोरच उभा असायचा. त्याने एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. शेवटी मीच म्हणालो, “अरे, माफी माग आणि मोकळा हो.”

“कशी मागू?” तो म्हणाला. “वेळ आली तर पुन्हा देईन. ते तिला कळलंय, म्हणून तर बोलत नाही.”